मनाची तपासणी, मनाचा उपचार



रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात क्ष-किरण यंत्र, रक्त तपासणीची प्रयोगशाळा किंवा शस्त्रक्रियागृह यांचा उल्लेख आला की त्यांचा उपयोग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मानसोपचार विभागाचे तसे नाही. या विभागात पाहुण्यांना दाखवण्यासारखे फारसे काही नसते. एक शांत खोली, टेबल, चार खुर्च्या, लाकडी ठोकळ्यांची पेटी, काही छापील प्रश्नावल्या आणि रुग्णांच्या नोंदी ठेवण्याचे कुलूपबंद कपाट एवढीच येथील सामग्री. त्यामुळे रुग्णालय पाहावयास येणारे हितचिंतक आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारतात. रक्त न तपासता, फोटो न काढता मनाचा आजार कळतो कसा? आणि नुसत्या बोलण्याने तो बरा होतो का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे सविस्तर द्यावीत, या हेतूने हा लेख अहवालात समाविष्ट करीत आहोत.

रुग्ण येतो तो शरीराची तक्रार घेऊन

इस्लामपूर शहर आणि वाळवा तालुक्याच्या गावांतून येणारा रुग्ण 'मला नैराश्य आले आहे' असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, डोके जड होते, छातीत धडधडते, अंगात त्राण नाही, जेवण गोड लागत नाही, कशात जीव रमत नाही. यातील पुष्कळ जण आधी हृदयाच्या तपासण्या करून येतात, काही देवऋष्याकडे जाऊन येतात. घरच्या माणसांना वाटते की हा आळस आहे, सुनेचे सोंग आहे किंवा बाहेरची बाधा आहे. या सर्वांत काही महिने, कधी काही वर्षे निघून जातात.

हा उशीर केवळ आपल्या भागापुरता नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, तरीही त्याचे निष्कर्ष आपणांस विचार करावयास लावणारे आहेत. प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. उपचार उपलब्ध नसणे हे याचे एक कारण. उपचार म्हणजे नेमके काय याची कल्पनाच नसणे हे दुसरे. दुसरे कारण दूर करणे थोडेफार आपल्या हाती आहे.

तपासणीची सुरुवात

मानसिक तपासणीचा पाया म्हणजे सविस्तर मुलाखत. पहिल्या भेटीस साधारण पाऊण ते एक तास लागतो. त्रास केव्हा सुरू झाला, कशाने वाढतो, झोप किती, भूक कशी, कामात लक्ष लागते का, पूर्वी असे कधी झाले होते का, घरात कोणाला असा आजार होता का, व्यसन आहे का, हे क्रमाने विचारले जाते. रुग्णाशी एकट्याने बोलणे होते आणि त्याच्या संमतीने घरच्यांशीही. दोन्ही हकिकती पुष्कळदा जुळत नाहीत. मुलगा म्हणतो 'मी व्यवस्थित आहे', आई म्हणते 'रात्रभर एकटाच बोलत असतो'. अशा वेळी तफावत हीच महत्त्वाची माहिती असते.

बोलणे चालू असतानाच तज्ज्ञ अनेक गोष्टींची नोंद घेत असतो. रुग्णाचा पेहराव, नजर, बोलण्याचा वेग, विचारांची सुसूत्रता, भावना आणि बोलणे यांचा मेळ, स्थळ-काळाचे भान, स्मरण, आणि आपल्याला काही त्रास आहे याची जाणीव. डॉक्टर नाडी पाहतो, छातीला नळी लावतो, तशीच ही मनाची पद्धतशीर तपासणी होय. ती गप्पांसारखी दिसली, तरी तिला ठरलेला आराखडा असतो.

शरीराची तपासणी मात्र टाळली जात नाही. थायरॉइड ग्रंथीचा बिघाड, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, काही औषधांचे परिणाम आणि मेंदूचे काही आजार हे सर्व मानसिक आजारासारखे दिसू शकतात. उदास आणि मंद वाटणाऱ्या गृहिणीचा थायरॉइड तपासल्याविना तिला नैराश्याचे औषध देणे योग्य नव्हे. सर्व विभाग एकाच छताखाली असलेल्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असण्याचा हा मोठा लाभ आहे.

मानसशास्त्रीय चाचण्या आणि त्यांची भाषा

मुलाखतीनंतर, गरज असेल तरच, चाचण्या घेतल्या जातात. सर्वांत परिचित चाचणी बुद्धिमापनाची. तिचा उगम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. फ्रान्समध्ये १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी ती तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या व अधिक मदतीची गरज असणाऱ्या मुलांना ओळखण्यासाठी. मुलांना काढून टाकण्यासाठी नव्हे. परंतु पॅरिसच्या मुलाला विचारलेले प्रश्न धारवाडच्या किंवा सांगलीच्या मुलाला विचारून कसे चालेल? ज्या वस्तू त्याने पाहिल्या नाहीत, ज्या भाषेत तो विचार करीत नाही, त्यांवरून त्याची बुद्धी मोजणे अन्यायाचे ठरेल.

ही अडचण आपल्याच प्रदेशात ओळखली गेली, ही आनंदाची गोष्ट आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागात काम करून बिने यांच्या चाचणीची मराठी आणि कन्नड रूपे सिद्ध केली. त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. 'बिने-कामत चाचणी' या नावाने ती महाराष्ट्रातील मानसशास्त्रज्ञांच्या परिचयाची आहे. पुढे नागपूर येथे डॉ. आर्थर मालिन यांनी अमेरिकेतील वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीचे भारतीय रूपांतर केले. त्यांनीच मुलाचे दैनंदिन व्यवहारातील सामाजिक परिपक्वतेचे मापन करणाऱ्या व्हाइनलँड श्रेणीचेही भारतीय रूप तयार केले. आजही मतिमंदत्व, म्हणजे सध्याच्या संज्ञेनुसार बौद्धिक अक्षमता, तपासताना या नावांशी पालकांची गाठ पडते.

चाचणीतून मिळणारा बुद्ध्यंक हा मुलाचा दर्जा नव्हे. त्याच वयाच्या मुलांशी तुलना करून काढलेला तो एक अंदाज असतो. मूल आजारी असेल, घाबरले असेल, रात्री झोपले नसेल, तर आकडा खाली येतो. याच्या उलटही घडते. जेम्स फ्लिन या अभ्यासकाने १९८४ मध्ये दाखवून दिले की चाचण्यांतील सरासरी गुण पिढीगणिक वाढत जातात. त्यामुळे फार जुन्या प्रमाणकांवर आजच्या मुलाचा आकडा वास्तवापेक्षा अधिक येऊ शकतो आणि ज्याला मदतीची खरी गरज आहे ते मूल काही गुणांनी वंचित राहू शकते. म्हणूनच केवळ बुद्ध्यंक पाहून बौद्धिक अक्षमतेचे निदान करीत नाहीत. तो साधारण ७० च्या खाली असणे, त्याचबरोबर जेवणे, कपडे घालणे, पैशांचा व्यवहार, रस्ता ओलांडणे अशा रोजच्या व्यवहारांत वयाच्या मानाने मागे असणे आणि हे लहानपणापासून असणे, या तीनही गोष्टी एकत्र पाहिल्या जातात.

शाळेत मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलाची बुद्धी कमी असते असेही नाही. एखादे मूल तोंडी उत्तरे चटचट देते, गोष्ट रंगवून सांगते, पण वाचताना जोडाक्षरापाशी अडते आणि लिहिताना काना, वेलांटी सतत गाळते. अशा मुलाची आधी दृष्टी व श्रवणशक्ती तपासावी लागते, मग बुद्धिमापन आणि त्यानंतर वाचन, लेखन व गणिताच्या स्वतंत्र चाचण्या. यातून अध्ययन अक्षमता सिद्ध झाली तर मुलाला विशेष पद्धतीने शिकवता येते आणि परीक्षेत अधिक वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. या मुलाला 'ढ' म्हणून मार खावा लागतो की मदत मिळते, हे पुष्कळदा या दोन-तीन दिवसांच्या तपासणीवर अवलंबून असते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. त्यांत बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि मानसिक आजार यांचा समावेश आहे. अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित व्हावे लागते. पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मानसशास्त्रज्ञाचा अहवाल म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणपत्र शासनाने नियुक्त केलेली वैद्यकीय यंत्रणाच देते.

प्रश्नावल्या काय सांगतात

प्रौढांसाठी काही छोट्या प्रश्नावल्या वापरल्या जातात. नैराश्यासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली ९ प्रश्नांची आहे. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटणे, झोप बिघडणे, थकवा येणे, स्वतःविषयी अपराधी वाटणे, मरणाचे विचार येणे असे त्रास किती दिवस झाले ते विचारून प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण देतात. एकूण गुण २७. दहा किंवा त्याहून अधिक गुण मिळाल्यास सविस्तर तपासणी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

या आकड्याचे दोन उपयोग आहेत. रक्तदाबाच्या नोंदीप्रमाणे तो उपचारापूर्वी व उपचारानंतर घेता येतो, त्यामुळे सुधारणा झाली की नाही हे रुग्णालाही दिसते. दुसरे असे की संकोची रुग्ण जे आपणहून सांगत नाही ते प्रश्न समोर आल्यावर सांगतो. परंतु प्रश्नावली निदान करीत नाही. घरात नुकताच मृत्यू झालेल्या माणसाचे गुणही जास्त येतील. त्याला आजारी म्हणायचे की शोकात असलेला म्हणायचे, हे ठरवण्यास माणूसच लागतो.

भाषेचा प्रश्न येथेही येतो. वृद्धांची स्मरणशक्ती तपासण्यासाठी १९७५ पासून प्रचलित असलेल्या एका प्रसिद्ध चाचणीत एक वाक्य लिहावयास सांगतात. जिने कधी पाटी-पेन्सिल हाती धरली नाही त्या आजीला स्मृतिभ्रंश नसतानाही या चाचणीत कमी गुण पडतील. हरयाणातील बल्लभगढ भागात निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी या चाचणीचे हिंदी रूप तयार करण्यात आले आणि ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले, ते याच कारणासाठी. आपल्या भागातील आजीला तपासताना तिच्या जगातील गोष्टी विचारणे, म्हणजे सध्या कोणता सण जवळ आला, नातवंडांची नावे काय, काल भाजी कोणती केली होती, हे तपासणीइतकेच महत्त्वाचे असते.

बोलण्याने नेमके काय होते

आता दुसरा प्रश्न. सहानुभूतीने ऐकून घेणे, धीर देणे हे शेजारी आणि नातेवाईकही करतात आणि त्याचे मोल मोठे आहे. मानसोपचार यापुढे जातो. त्यात ठरावीक उद्दिष्ट, ठरावीक बैठका आणि दोन बैठकांच्या मध्ये करावयाचा घरचा अभ्यास असतो. उपदेश क्वचितच असतो. 'मन खंबीर ठेवा' हे वाक्य रुग्णाने आधीच शंभर वेळा ऐकलेले असते.

पहिली पद्धत विचारांवर काम करणारी. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली; पुढे ॲरन बेक यांनी बोधात्मक उपचारपद्धती विकसित केली. महाराष्ट्रात प्रा. कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार मराठी वाचकांपर्यंत नेला. तिचे सूत्र साधे आहे. घटना आणि तिचा त्रास यांच्या मध्ये आपला त्या घटनेविषयीचा विचार असतो. उदाहरण घेऊ. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी दोन विषय राहिलेला विद्यार्थी म्हणतो, 'मी नापास झालो, घरच्यांचे पैसे बुडवले, आता माझ्या जगण्यात अर्थ नाही.' उपचारक त्याला खोटा दिलासा देत नाही. दोन विषय राहिले हे खरे, याचा खेद वाटणे स्वाभाविक, पण 'जगण्यात अर्थ नाही' हा निष्कर्ष कोठून आला, त्याला पुरावा काय, मित्राचे विषय राहिले असते तर त्याला तू हेच म्हणाला असतास काय, असे प्रश्न तो विचारतो. खेद राहतो, पण खचून जाणे कमी होते आणि अभ्यासाला बसण्याइतके बळ येते.

दुसरी पद्धत वर्तनावर काम करणारी. नैराश्यात माणूस एक-एक काम सोडत जातो आणि काम सुटल्याने अधिक उदास होतो. जी बाई रोज पहाटे डेअरीवर दूध घालायला जात असे, तिने ते मुलावर सोपवलेले असते. डेअरीवर भेटणाऱ्या चार बायकाही त्यामुळे सुटलेल्या असतात. उपचारक तिच्याबरोबर आठवड्याचा छोटा कार्यक्रम आखतो. प्रथम दोन दिवस डेअरी, मग शेजारणीकडे दहा मिनिटे, मग बचतगटाची बैठक. 'बरे वाटल्यावर जाईन' हा क्रम उलटा करून 'गेल्यावर हळूहळू बरे वाटेल' असा क्रम लावणे हेच या पद्धतीचे मर्म.

मंत्रचळाच्या रुग्णास, म्हणजे दिवसातून पन्नास वेळा हात धुणाऱ्यास, भीती वाटणाऱ्या वस्तूला पायरीपायरीने स्पर्श करावयास आणि मग हात न धुता थांबावयास शिकवले जाते. भीती आधी वाढते आणि न धुताही आपोआप उतरते, हा अनुभव पुन्हा पुन्हा घेतल्यावर आजाराची पकड सैल होते. हे तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावयाचे असते. घरच्यांनी बळजबरीने केल्यास त्रास वाढतो.

तिसरा भाग कुटुंबाचा. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात औषधे अनिवार्य आहेत, पण घरातील सततची टीका आणि चिडचिड यामुळे आजार उलटण्याची शक्यता वाढते, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून कुटुंबाला आजार समजावून सांगणे हाही उपचारच. पुण्यात १९९७ मध्ये डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना झाली आणि रुग्णांच्या नातेवाइकांना एकमेकांशी बोलण्याची जागा मिळाली. २००४ चा 'देवराई' हा चित्रपटही वाणी यांच्याच प्रेरणेने निघाला. ज्या आजाराचे नाव घरात उच्चारले जात नव्हते त्याविषयी त्यानंतर उघडपणे बोलले जाऊ लागले.

व्यसनमुक्तीत गटोपचाराचे महत्त्व मोठे. डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणने आणि आपल्या शेजारच्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी उभ्या केलेल्या परिवर्तन संस्थेने हे काम महाराष्ट्राला दाखवले. मुक्तांगणच्या उभारणीस पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा हातभार लागला होता, याची येथे कृतज्ञतेने आठवण होते.

औषध की बोलणे, असा वाद रुग्णाच्या हिताचा नाही. स्किझोफ्रेनिया, उन्माद-अवसादाचा आजार व तीव्र नैराश्य यांत औषधे लागतातच. सौम्य व मध्यम नैराश्यात आणि चिंताविकारात केवळ मानसोपचारही पुरेसा ठरू शकतो. पुष्कळ रुग्णांना दोन्हींची जोड लागते. सुरू असलेले औषध स्वतःहून बंद करू नये, ही विनंती आम्ही प्रत्येक रुग्णास करतो.

गोव्यातील पुरावा

बोलण्याचा उपचार गुण देतो, याचा उत्तम पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यातून आला आहे. तेथील संगाथ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला आरोग्य केंद्रातील सुधारित नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्यासोबत वर्तनावर काम करणाऱ्या ६ ते ८ बैठका मिळाल्या. बैठका घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. मानसिक आरोग्याचे पूर्वशिक्षण नसलेले, परंतु नीट प्रशिक्षण व सतत देखरेख मिळालेले स्थानिक समुपदेशक होते. तीन महिन्यांनंतर पहिल्या गटात ३९ टक्के रुग्ण नैराश्याच्या मर्यादेखाली आले. बैठका मिळालेल्या गटात ६४ टक्के. घातक मद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठीच्या अशाच प्रयोगात हे प्रमाण अनुक्रमे २६ व ३६ टक्के होते. म्हणजे लाभ दोन्हीकडे, पण व्यसनाची वाट अधिक खडतर. दोन्ही प्रयोगांचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहेत.

शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' या कार्यक्रमातून गावातील कार्यकर्ते व समुपदेशक यांच्यामार्फत असेच काम झाले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण तेथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तज्ज्ञांची संख्या वाढेपर्यंत वाट पाहत बसण्याची गरज नाही, हा या दोन्ही कामांचा आपल्यासाठी बोध आहे.

आत्महत्येचा विचार

मानसिक तपासणीत मरणाच्या विचारांविषयी थेट विचारले जाते. 'विचारल्याने तो विचार डोक्यात येईल' अशी नातेवाइकांना भीती वाटते. ती अनाठायी आहे. विचारल्याने रुग्णाला बहुधा हलके वाटते. असा विचार बोलून दाखवणाऱ्यास एकटे सोडू नये, त्याची थट्टा करू नये, घरातील शेतीची औषधे कुलपात अन्य कोणाच्या ताब्यात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालयात आणावे. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती दिवसरात्र उपलब्ध असते.

पोलीस केस होईल या भीतीने रुग्ण लपवू नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला सरसकट शिक्षा सांगणारे जुने कलम राहिलेले नाही. याच अधिनियमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आमच्या विभागातील कपाटाला कुलूप असते ते याचसाठी. लग्न जुळवताना चौकशीस आलेल्या पाहुण्यांनाही तेथील कागद दाखवला जात नाही.

आपत्तीनंतरचे मन

कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या आपल्या तालुक्याने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले. मार्च २०२० मध्ये राज्यातील सुरुवातीच्या करोना-साथीच्या ठिकाणांत इस्लामपूरचे नाव आले आणि आजाराइतकाच लोकांच्या नजरेचा धाक माणसांनी सोसला. अशा प्रसंगानंतर झोप उडणे, पावसाचा आवाज येताच छातीत धस्स होणे हे स्वाभाविक आहे. बहुतेकांचे मन घरच्यांच्या व शेजाऱ्यांच्या आधाराने काही आठवड्यांत सावरते. महिना उलटूनही त्रास तसाच राहिला, कामधंदा सुटला किंवा दारूचा आधार घ्यावा लागू लागला, तर तपासणीस यावे.

कोणाकडे जावे

नावांचा गोंधळ होतो म्हणून थोडक्यात सांगतो. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर डॉक्टर असतात. औषधे तेच देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात व मानसोपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. समुपदेशक व समाजसेवक कुटुंब, शाळा आणि कामाची जागा यांच्याशी दुवा सांधतात. उपचाराच्या नावाखाली मारहाण, साखळीने बांधणे, उपाशी ठेवणे हे उपचार नव्हेत. भूत उतरवण्याच्या निमित्ताने केलेली मारहाण महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

देणगीदारांस विनंती

या लेखावरून ध्यानात येईल की या विभागाचा खर्च यंत्रांचा नाही, माणसांच्या वेळेचा आहे. एका मुलाच्या संपूर्ण तपासणीस अनेक तास लागतात. नैराश्याच्या एका रुग्णास सहा-आठ बैठका लागतात आणि प्रत्येक बैठकीस तो कामाचा अर्धा दिवस व एस. टी. चे भाडे खर्चून येतो. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीनंतर येणे थांबते ते बहुधा याच कारणाने, आणि उपचार अर्धवट राहतो. म्हणून चाचण्यांचे शुल्क, गरजू रुग्णांचा प्रवासखर्च आणि आशा कार्यकर्त्या व शिक्षकांचे प्रशिक्षण यांसाठी दिलेली देणगी या विभागात सर्वाधिक उपयोगी पडते. अशा देणगीच्या नावाची पाटी भिंतीवर लावता येत नाही, कारण ज्याचा लाभ झाला त्याचे नाव आम्ही कोणालाही सांगत नाही. तरीही ज्यांनी आजवर या विभागास हात दिला त्या सर्वांचे आम्ही मनःपूर्वक ऋणी आहोत.

आपल्या घरात, वाड्यावर, शाळेत वा कारखान्यात कोणी दीर्घकाळ उदास, घाबरलेले किंवा बदललेले दिसल्यास त्यास बोल न लावता तपासणीस घेऊन यावे, ही सर्व वाचकांस नम्र विनंती.